गाइड आणि विद्यार्थी : पहिल्या महिन्यात करायची याद

आमच्या इच्छापुरात लग्न ठरलं की याद होते. दोन्हीकडची चार-चार माणसं सतरंजीवर बसतात. मानपान, वऱ्हाडाची संख्या, जेवण कोणाकडे, मांडव कोणाच्या दारी, सगळं वहीच्या पानावर उतरतं आणि खाली सह्या होतात. केळीचं शेत बटाईने द्यायचं तरी रोपं कोणाची, ठिबकच्या नळ्या कोणाच्या, खताचे पैसे आधी कोण घालणार, हे बांधावर उभं राहून बोललं जातं. पीएच.डी.ला मात्र दोन माणसं पाच-सहा वर्षांसाठी एकमेकांशी बांधली जातात आणि त्यांच्यात एक ओळही लिहिली जात नाही. विद्यापीठाचे फॉर्म भरतात, पण त्यात गाइडला विद्यार्थ्याकडून नि विद्यार्थ्याला गाइडकडून काय हवं याचा रकाना नसतो.

याची किंमत मी भरली आहे. माझ्या पीएच.डी.चं तिसरं प्रकरण श्रावणात सरांच्या टेबलावर ठेवलं. ‘ठेवा, बघतो,’ म्हणाले. मी वाट पाहत राहिले. मोठ्या माणसाला आठवण करून देणं उद्धटपणाचं, असं घरून शिकलेलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले तेव्हा भावाने टोकलं म्हणून फोन लावला. सर म्हणाले, ‘मला वाटलं तुम्ही सोडून दिलं. तुमचा काही निरोपच नाही.’ त्या नऊ महिन्यांत आमच्यापैकी कोणाचीही दानत वाईट नव्हती. मला वाटत होतं त्यांनी आठवण ठेवावी, त्यांना वाटत होतं मी विचारावं, आणि दोघांनीही ते मनातच ठेवलं. आज माझ्याकडे विद्यार्थी नोंदणी करतात तेव्हा पहिल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर याद करते. तिची कृती अशी.

साहित्य

दोनशे पानी लांब वही एक. फुलस्केप कागद चार. यूजीसीच्या ७ नोव्हेंबर २०२२च्या पीएच.डी. नियमावलीची छापील प्रत आणि आपल्या विद्यापीठाचं त्यावरचं परिपत्रक. भिंतीवरचं कॅलेंडर, तिथी-नक्षत्रांसह. दोन निवांत तास, फोन बंद ठेवून. हे सगळं विषय पक्का होऊन सिनॉप्सिस जाण्याच्या आधी करायचं. नंतर केलं तर दोघांचे हात बांधलेले असतात.

पायरी पहिली : आधी माणूस बघा

आमचं गाव मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेवर. त्याचं नाव बाहेर लोकांना रस्त्यामुळे माहीत आहे, इंदूर–इच्छापूर हायवे. या रस्त्याने वर गेलं की इंदूरचं देवी अहिल्या विद्यापीठ, खाली अंतुर्ली-मुक्ताईनगर-भुसावळ करत गेलं की जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. मुलं बस सोयीची पडते म्हणून विद्यापीठ ठरवतात आणि जागा रिकामी आहे म्हणून गाइड. त्याआधी दोन दिवस खर्च करा.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा हे भांडार सगळ्यांना खुलं आहे. तिथे त्या गाइडच्या हाताखाली झालेले प्रबंध शोधा. नोंदणी कधीची, प्रबंध कधीचा, हे बघा. दोन-तीन प्रबंधांची शेवटची प्रकरणं वाचा. सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसले तर तुमचाही तसाच निघेल. मग त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना भेटा, एक पदवी मिळालेला आणि एक मध्येच सोडून गेलेला. दुसऱ्याचं ऐकताना सगळंच खरं मानू नका, पण तो कुठे अडला ते नीट विचारा.

२०२२च्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. हे विचारायला लाजू नका. गाइडनेही विद्यार्थ्याला तितकंच मोकळेपणाने विचारावं : नोकरी आहे का, सोडणार का, घरचा भार किती, आणि पदवी नेमकी कशासाठी हवी आहे. पदोन्नतीसाठी हवी असेल तर तसं सांगावं. त्यात कमीपणा नाही, फक्त कामाची आखणी वेगळी होते.

पायरी दुसरी : दोघांनी वेगवेगळं लिहा

प्रत्येकाने दोन फुलस्केप घ्यायचे आणि एकमेकांना न दाखवता लिहायचं. एका कागदावर ‘मला समोरच्याकडून काय हवं’, दुसऱ्यावर ‘मी काय देईन आणि काय देऊ शकणार नाही’. आठवडाभराची मुदत.

लिहिताना हे प्रश्न समोर ठेवा. किती दिवसांनी भेटायचं आणि कुठे? फोन कोणत्या वेळेत? प्रकरण किती दिवसांत वाचून परत? गाइडने फक्त आशय बघायचा की भाषाही? प्रबंध मराठीत, हिंदीत की इंग्रजीत? शेतावरच्या, गावोगावच्या फेऱ्यांचा खर्च कोण करणार? लेख छापला तर नावांचा क्रम कसा? गाइडच्या स्वतःच्या प्रकल्पाचं काम विद्यार्थ्याने किती करायचं? लग्न, बाळंतपण, घरातलं आजारपण आलं तर काय?

गेल्या वर्षी आलेल्या माझ्या विद्यार्थिनीचा विषय भूगोलातला आहे : तापीकाठच्या केळीपट्ट्यात लागवडीच्या वेळा कशा सरकताहेत. तिने कागद आणून दिले तेव्हा प्रत्येक प्रश्नापुढे सुवाच्य अक्षरात एकच उत्तर होतं, ‘मॅडम सांगतील तसं.’ मी ते कागद परत दिले. म्हटलं, ‘माझे कागद मी भरलेत. तुझे तू भर.’ ती ओट्यावर बसली. बराच वेळ पेन नुसतं धरून होती. मग खाली मान घालून एक ओळ लिहिली आणि कागद उलटा करून माझ्यासमोर सरकवला : ‘संध्याकाळी सहानंतर फोन उचलता येणार नाही. म्हशी असतात. बाबांनाही आवडत नाही.’

माझ्या कागदावर काय होतं? ‘फोन केव्हाही केला तरी उचलावा.’

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला माझा नऊ महिन्यांचा काळ आठवला. हे लिहिलं गेलं नसतं तर मी चार वेळा फोन लावला असता, तिने उचलला नसता, आणि मुलगी बेफिकीर आहे असं मी दिवाळीच्या आत मनात पक्कं करून टाकलं असतं.

पायरी तिसरी : समोरासमोर बसा

इथे सर्वात जास्त वेळ द्या. प्रत्येक मुद्द्यावर आधी विद्यार्थ्याने बोलायचं, मग गाइडने. उलट केलं तर विद्यार्थी फक्त मान डोलावतो.

अटी घालायला गाइडने कचरू नये आणि त्या ऐकून विद्यार्थ्याने घाबरू नये. याच हायवेच्या दुसऱ्या टोकाला, इंदूरला, १९११ साली कमला भागवत जन्मल्या, दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन १९३३ साली त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या दारात उभ्या राहिल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी रामन यांनी अटी घातल्या : पहिलं वर्ष नियमित प्रवेश नाही, त्यांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही, मार्गदर्शक म्हणतील तर रात्रीही काम करायचं आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. शेवटची अट अपमान होता, आणि कमलाबाईंना तो आयुष्यभर डाचला. वर्षभर मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या कडक देखरेखीखाली त्यांनी काम केलं, रामन यांचं समाधान झालं आणि नियमित प्रवेश मिळाला. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना दार उघडलं. पुढे केंब्रिजला जाऊन चौदा महिन्यांत, अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर, १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्याच आपल्या कमला सोहोनी.

त्या अटींमधला अन्याय आज कोणी पुन्हा करू नये. पण त्यांतल्या दोन गोष्टी आपल्या यादीत हव्यातच. अट तोंडावर सांगितलेली होती आणि तिला एका वर्षाची मुदत होती. ‘आधी काम बघू, मग ठरवू’ असं म्हणत चार-चार वर्षं विद्यार्थ्याला टांगून ठेवण्यापेक्षा ‘पहिल्या वर्षात तीन गावांची पाहणी आणि साठ पानांचं टिपण आलं नाही तर आपण पुन्हा बसू’ असं म्हणणं कितीतरी माणुसकीचं आहे.

सीमेवरच्या मुलांसाठी या बैठकीत एक मुद्दा हमखास निघाला पाहिजे, तो म्हणजे पैसा. जळगावकडच्या गाइडला वाटतं की मुलीला बार्टी, सारथी किंवा महाज्योतीची फेलोशिप मिळेल. पण त्या महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत आणि आमच्या गावच्या मुलीचं रहिवासी प्रमाणपत्र मध्य प्रदेशचं. घरी बोलायचं मराठी, कागद हिंदी. नेट-जेआरएफला राज्य आडवं येत नाही. १ जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. ते नसेल तर नोकरी करत काम करावं लागणार, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट असू द्या. आणि एक बारीक गोष्ट : मध्य प्रदेशच्या कागदांवर गाव ‘इच्छापुर’ आहे, मराठीत आपण ‘इच्छापूर’ लिहितो. नोंदणीपासून प्रबंधाच्या मुखपृष्ठापर्यंत कागदावरचं नावच ठेवा. ऱ्हस्व-दीर्घावरून प्रमाणपत्र अडलेलं मी पाहिलं आहे.

पायरी चौथी : याद लिहा

वहीच्या पहिल्या दोन पानांवर, विद्यार्थ्याच्या अक्षरात. कायद्याची भाषा नको, घरात बोलतो तशी वाक्यं. आमच्या यादीतली काही कलमं देते, आपापल्या सोयीने बदला.

‘दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी अकरा वाजता भेट. काही कामच झालं नसेल तरी भेट रद्द नाही.’ हे दुसरं वाक्य माझ्या हट्टाने आलं. काम न झालेला विद्यार्थी तोंड चुकवतो, एक भेट चुकली की दुसरी अवघड होते आणि तिसरीनंतर तो दिसेनासा होतो.

‘प्रकरण मिळाल्यापासून २१ दिवसांत मॅडम वाचून परत देतील. २२व्या दिवशी आठवण करणं हे विद्यार्थिनीचं काम आहे, उद्धटपणा नाही.’

‘दिलेलं प्रकरण पूर्ण असेल : तळटीपा, नकाशे, संदर्भ यांसह. अर्धवट पानं फक्त भेटीत, चर्चेपुरती.’

‘प्रश्नावली शेतकऱ्यासमोर बसूनच भरायची. प्रत्येक फॉर्मवर तारीख, वेळ आणि जागा.’ गाइडचा सर्वात मोठा हक्क हाच आहे, की समोरचे आकडे खरे असावेत. घरी बसून शंभर फॉर्म भरणाऱ्यांच्या कहाण्या सगळ्यांना ठाऊक आहेत. तसं झालं तर मी त्या दिवशी थांबेन, हे मी लिहूनच देते.

‘दुसऱ्याचं वाक्य दुसऱ्याच्या नावाने.’ यूजीसीच्या २०१८च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून मुलं दहा टक्के हा कोटा समजतात. तो कोटा नाही.

‘लेखात काम जिचं तिचं नाव पहिलं. मॅडमनी आराखडा, विश्लेषण किंवा लेखनात हात लावला असेल तरच त्यांचं नाव, आणि तेही विचारून.’ २०१६च्या नियमात प्रबंधाआधी लेख छापणं सक्तीचं होतं. २०२२च्या नियमात यूजीसीने ती सक्ती काढली. विद्यापीठाचं परिपत्रक मात्र तपासा.

‘आठवड्याला चार ते सहा तास शिकवणं किंवा प्रात्यक्षिकात मदत करणं नियमात बसतं. त्यापलीकडे मॅडमचे पेपर तपासणं, मुलांना शाळेतून आणणं, बँकेची कामं, वाणसामान, काहीही नाही.’ हे गाइडनेच सांगून लिहून घ्यावं. विद्यार्थी कधी म्हणणार नाही. गुरूच्या घरची सेवा आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ती करणाऱ्यालाही प्रेमाची वाटते, आणि मग नाही म्हणण्याची वाट उरत नाही.

‘व्हायवाच्या दिवशी परीक्षकांचं जेवण, लॉज, शाल-श्रीफळ यांचा एक रुपयाही विद्यार्थिनीच्या घरून नाही.’ परीक्षकांचा प्रवासखर्च आणि मानधन द्यायला विद्यापीठ आहे. शेतमजुरी करणाऱ्या बापाने लेकीच्या पदवीसाठी उसनवारी करावी, ही पद्धत गाइडने ठरवलं तर त्याच्यापुरती आजच बंद होते.

शेवटी दोघांच्या सह्या, तारीख. एक झेरॉक्स गाइडच्या फाइलला.

पायरी पाचवी : कॅलेंडर मांडा

विद्यापीठाचं वर्ष सेमिस्टरने चालतं, केळीचं वर्ष नक्षत्राने. जून-जुलैत लागते ती मृगबाग, ऑक्टोबरच्या आसपास लागतो तो कांदेबाग. माझ्या विद्यार्थिनीची प्रश्नावली मे महिन्यात माझ्याकडून तपासून मिळाली नाही तर मृगाची लागवड तिच्या हातून निसटते आणि कॉलेजात पंधरा दिवसांचा वाटणारा उशीर शेतात वर्षाचा होतो. म्हणून आधी शेताच्या तारखा मांडा, त्यावर दर सेमिस्टरच्या संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीची तारीख, मग प्रकरणांच्या तारखा. चैत्रात गावच्या इच्छादेवीची जत्रा, लग्नसराई, कापूस वेचणीचे दिवस, गाइडच्या परीक्षेची कामं, हे सगळं त्याच कॅलेंडरवर. या दिवसांत काम होणार नाही, हे आधीच मान्य केलं की अपराधी वाटत नाही.

एकूण मुदत किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ही रजा हक्काची आहे. गाइडने ती उपकारासारखी देऊ नये.

पायरी सहावी : प्रत्येक भेटीनंतर पाच ओळी

घरी पोचायच्या आत, बसमध्ये बसूनच, विद्यार्थ्याने गाइडला संदेश पाठवायचा : काय ठरलं, कोणी करायचं, केव्हापर्यंत, काय अनिर्णित राहिलं, पुढची भेट कधी. गाइडने ‘बरोबर’ किंवा दुरुस्ती कळवायची. त्याच पाच ओळी वहीत. सल्लागार समितीपुढे प्रगती सांगायची वेळ येते तेव्हा वेगळं काही लिहावं लागत नाही, वही उघडायची.

पायरी सातवी : मतभेद झाला तर

दोन प्रकारचे मतभेद असतात, ते वेगळे काढा.

पहिला निष्कर्षाचा. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकावर काम केलं. फिशर वंशभेदाचे कट्टर पुरस्कर्ते होते. हा फरक वंशाप्रमाणे बदलतो असं निघावं, ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. आकडे तसं सांगत नव्हते. त्यांनी प्रबंधात आकडे सांगत होते तेच लिहिलं आणि पदवी घेऊन परतल्या. परक्या देशात, एकटी बाई, अशा माणसासमोर. म्हणून यादीत एक ओळ असू द्या : ‘आकडे गाइडच्या मताविरुद्ध गेले तर आकडे राहतील.’ गाइडने अशा वेळी पद्धत पुन्हा तपासायला सांगावी, एकदा, दोनदा. निष्कर्ष बदलायला सांगू नये.

दुसरा मतभेद वागण्याचा. आधी याद काढून त्या कलमावर बोट ठेवून बोला. माणसावर बोट ठेवण्यापेक्षा ते सोपं जातं. तिथे न मिटलं तर सल्लागार समितीतल्या दुसऱ्या सदस्याकडे, मग विभागप्रमुखाकडे, लेखी. गाइड बदलता येतो. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने मुलीला दुसऱ्या गावी जावं लागलं, तर आतापर्यंतची माहिती घेऊन नव्या विद्यापीठात काम हलवण्याची तरतूद नियमात आहे. इच्छापूरहून अमरावतीला किंवा खंडव्याला सासर मिळालेल्या मुलींनी हे लक्षात ठेवावं. आणि लैंगिक छळाची गोष्ट असेल तर याद, समिती, समजूत काही नको. थेट अंतर्गत तक्रार समिती.

पायरी आठवी : दर आखाजीला उजळणी

खानदेशात सालाचे व्यवहार आखाजीच्या सुमारास नव्याने ठरतात. त्याच दिवसांत वही काढायची, जुनं कलम खोडायचं, नवं लिहायचं, पुन्हा सह्या. गेल्या उजळणीत माझ्या विद्यार्थिनीने ‘सहानंतर फोन नाही’ हे कलम स्वतःच्या हाताने खोडलं आणि ‘आठपर्यंत चालेल, बाबांशी बोलले’ असं लिहिलं. मी ‘२१ दिवस’च्या जागी ‘२५’ केले, कारण वर्षात दोनदा माझ्याकडून मुदत टळली होती आणि ते तिच्या वहीत नोंदलेलं होतं.

पायरी नववी : व्हायवानंतरची वाटणी

पदवी जाहीर झाली, प्रबंध शोधगंगेवर चढला की मूळ फॉर्म आणि वह्या विद्यार्थ्याकडे, एक प्रत गाइडकडे. ज्या शेतकऱ्यांनी बागेत उभं राहून दोन-दोन तास प्रश्नांची उत्तरं दिली त्यांच्यासाठी एक पान साध्या मराठीत आणि एक हिंदीत लिहायचं : काय विचारलं होतं, काय निघालं. ते विद्यार्थ्याने लिहावं, गाइडने तपासावं, आणि दोघांनी मिळून त्या गावांत जाऊन द्यावं. आमच्या यादीचं हे शेवटचं कलम आहे. अंतुर्लीपासून सुरुवात करायची आणि शेवटी इच्छापूर, असं आम्ही ठरवलं आहे.